वाऱ्याचा हिशेब

आपल्या धरमपेठेपासून सोनेगावचा विमानतळ काही फार दूर नाही. जानेवारी १९४९ पासून ऑक्टोबर १९७३ पर्यंत तेथे रोज रात्री टपालाचा बाजार भरत असे. मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता येथून चार विमाने येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. एकास उशीर झाला की तिघांचा खोळंबा. अशा उशिराचे एक कारण म्हणजे वारा.

मी शास्त्रज्ञ नव्हे. कामगारांचे तास मोजता मोजता मला या हिशेबाची गोडी लागली.

पुराच्या पाण्यातील नावेसारखेच विमानाचे असते. ते ज्या हवेतून चालते, ती हवा स्वतःच वाहत असते. मुंबई-नागपूर अंतर सुमारे ७०० किलोमीटर. विमानाचा हवेतील वेग ताशी २८० धरू. वारा नसल्यास येण्यास अडीच तास, जाण्यास अडीच, एकूण पाच. आता पश्चिमेकडून ताशी ७० किलोमीटरचा वारा आहे असे समजा. येताना वेग ३५०, म्हणून दोन तास. जाताना २१०, म्हणून तीन तास वीस मिनिटे. येताना कमावले ते जाताना गमावले, फिटंफाट झाली, असे आपणांस वाटेल. परंतु वीस मिनिटे अंगावर आलीच! कारण उलट वाऱ्यात विमानाला अधिक वेळ काढावा लागतो.

मग उंची बदलावी काय? उंचीप्रमाणे वारा बदलतो खरा. पण त्या काळच्या डाकोटा विमानात आतील हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. विरळ हवेत दम लागू नये म्हणून साधारणतः तीन किलोमीटरच्या आतच उडावे लागे. आजची जेट विमाने १० ते १२ किलोमीटरवर जातात. तेथे हवा विरळ, म्हणून अडथळा कमी आणि इंधनाची बचत. मात्र हिवाळ्यात उत्तर भारतावर त्याच उंचीवर पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो, कित्येकदा ताशी १५० किलोमीटरहूनही वेगाने. दिल्लीहून कोलकात्यास जाणाऱ्याला तो पुढे ढकलतो, परतणाऱ्याला अडवतो.

म्हणून ही वीस मिनिटे आधीच वेळापत्रकात आणि इंधनाच्या टाकीत धरली पाहिजेत. न धरल्यास ती वैमानिकाच्या विश्रांतीतून आणि थैल्या उचलणाऱ्याच्या झोपेतून वसूल होतात. वाऱ्याचा दोष माणसाच्या माथी मारू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.