अंडी आणायची की कोंबड्या?

चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या वाण्याकडे तीस अंड्यांचा ट्रे घेताना कुणीतरी शेजारी मला हमखास अडवतो. "डॉक्टरसाब, इनमें से चूजे निकलेंगे?" नाही निघणार. चंदीगडात विकली जाणारी पुष्कळशी अंडी पंचकुला जिल्ह्यातल्या बरवाला-रायपूर राणी पट्ट्यातून येतात. तिथल्या शेडमध्ये हजारोंनी कोंबड्या असतात, पण कोंबडा एकही नसतो. कोंबड्याशिवाय अंडं फळत नाही. तपकिरी अंडं 'देशी' म्हणून दोन रुपये जास्त देऊन घेतलं तरी फरक पडत नाही. कवचाच्या रंगावरून अंडं फळलंय की नाही ते कळत नाही.

मी मूळचा परभणीचा. पशुवैद्यक म्हणून सगळी उमेद याच पट्ट्यात गेली आणि घर चंदीगडला झालं. त्यामुळे गावाकडून फोन येतात. परवा भाच्याचा आला, "मामा, कडकनाथ करायचाय. उबवणीची अंडी मागवू की मोठ्या कोंबड्याच आणू? अंडी स्वस्त पडतात."

स्वस्त पडतात, हे खरं. पण हिशेब अंड्याचा नाही, अंड्यावर आलेल्या तलंगीचा करायचा. समजा, शंभर अंडी बसने आली. वाटेत हादरे बसतात, आतली हवेची पिशवी सुटते, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर अंडं तापतं आणि गर्भ अर्धवट वाढून मरतो. इतकं सोसून निम्मी फुटली तरी नशीब म्हणायचं. त्या पन्नासात निम्मे नर. उरलेल्या पंचवीसातली चार-पाच पिल्लं पहिल्या महिन्यात जातात. म्हणजे शंभर अंड्यांमागे वीसेक माद्या, त्याही पाच-सहा महिने खाऊ घातल्यावर अंड्यावर येणार. पैदाशीसाठी त्यातूनही निवड करायची. आता दर काढा.

तरीही अंड्याची एक बाजू भक्कम आहे. मोठा पक्षी येताना आपल्याबरोबर उवा, गोचिड्या, जंत, सर्दीपडसं घेऊन येतो. अंड्याबरोबर यातलं फारसं काही येत नाही. फारसं म्हणतो, कारण पांढऱ्या हगवणीचे आणि मायकोप्लाझ्माचे जंतू आईकडून थेट अंड्यात उतरतात. म्हणून अंडी घेताना अंड्यांकडे बघून भागत नाही, ज्या कळपाची आहेत तो बघावा लागतो. तो बघायला जाता येत नसेल, तर तुम्ही अंडी नव्हे, विकणाऱ्याचा शब्द विकत घेताय. २०१९ मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण बाहेर आलं. पक्षी विकताना कंपनीने अंडी आणि कोंबड्या परत घेण्याची हमी दिली होती, आणि अनेक शेतकरी त्या हमीवर बुडाले. पक्षी दारात होते, गिऱ्हाईक नव्हतं.

अंडी घ्यायचीच ठरली तर ती आठवड्याच्या आतली हवीत, न धुतलेली, मध्यम आकाराची, रुंद टोक वर करून ठेवलेली. घरी आल्यावर एक दिवस शांत ठेवा, मगच यंत्रात घाला. तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास, अठराव्या दिवसापर्यंत रोज अनेकदा फिरवणं, शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद आणि ओलावा जास्त. सातव्या रात्री दिवे मालवून अंड्याखाली टॉर्च धरावी. जिवंत अंड्यात कोळ्यासारखा एक काळा ठिपका आणि त्यापासून फुटलेल्या लाल शिरा दिसतात. नुसतं पिवळसर, आरपार दिसलं तर ते फळलेलंच नव्हतं. आणि लाल कडं दिसलं तर जीव धरून गेलेला. हे मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी टॉर्च लावताना अजून श्वास रोखला जातो. घरात खुडूक गावठी कोंबडी असेल तर मात्र यंत्राचं नाव काढू नका. दहा-बारा अंड्यांवर तिला रवणीला बसवा. वीज गेली तरी ती उठत नाही.

मोठ्या कोंबड्यांचा फायदा उघड आहे: जे घेताय ते दिसतं. पण एक प्रश्न आधी विचारावा, चालू अंडी देणारी कोंबडी कुणी विकायला का काढेल? बाजारात बहुधा छाटलेला माल येतो. कोंबडी हातात घ्यावी, पिसं उलटी फुंकून उवा बघाव्यात, पायाचे खवले उचललेत का ते चाचपावं, छातीचं हाड सरळ आहे का बघावं. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे. कोंबड्याची आरी लांबलचक असेल तर मालक सांगतो त्यापेक्षा तो म्हातारा आहे. आणि घरी आणल्यावर तीन-चार आठवडे जुन्या कळपापासून दूर. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. लोक इथेच कंटाळतात. २०२१ च्या जानेवारीत बरवाला पट्ट्यातल्या फार्मवर एच५एन८ बर्ड फ्लू सापडला आणि लाखाहून जास्त पक्षी मारावे लागले. ते दिवस पाहिलेला माणूस नवा पक्षी सरळ खुराड्यात सोडत नाही.

अंडी आणि मोठ्या कोंबड्या या दोन्हींच्या मधली वाट बहुतेकांना सुचतच नाही: एक दिवसाची पिल्लं. फुटताना पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोनेक दिवस दाणापाण्याविना तग धरतं, म्हणून ते दूरवर पाठवता येतं. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. छाब्रो ही दुहेरी उपयोगाची जात तिथलीच. महाराष्ट्रासाठी अशीच संस्था मुंबईत आरे कॉलनीत आहे. अशा ठिकाणाहून मरेक्स रोगाची लस दिलेली पिल्लं आगाऊ नोंदणी करून घ्यावीत. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी घरीच द्यायची. एक मात्र लक्षात ठेवा. वनराजा, गिरिराजा यांसारख्या संकरित पक्ष्यांची पैदास घरी करायला गेलात तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण टिकत नाहीत. पैदास करायची तर कडकनाथ, असील किंवा आमच्याकडची पंजाब ब्राऊन अशी शुद्ध जात हवी.

भाच्याला मी सांगितलं ते असं: फेब्रुवारीत पन्नास पिल्लं आण, ऑगस्टपर्यंत तलंगी अंड्यावर येतील. आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेव, बाकीचे नर विकून खाद्याचा खर्च काढ. अंडी मागवायची ती दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या रक्ताचा कोंबडा हवा म्हणून. तोवर घरात खुडूक होणारी एखादी गावठी कोंबडीही ठेव.