बोराच्या खुंटास खत : किती, केव्हा आणि कोणते?

नवी पेठेत बाजारहाटास येणाऱ्या सोलापूर भागातील कोणाही शेतकऱ्यास विचारावे. कोरडवाहू जमिनीत तग धरणारे फळझाड म्हणून तो बोराचे नाव घेईल. याच सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनास आरंभ झाला. उमराण, कडाका यांसारख्या जातींची कलमे रानबोराच्या खुंटावर डोळा भरून करतात. खुंट सदोष निघाला, तर डोळा भरण्याचा हंगाम हुकतो व शेतकऱ्याचे एक वर्ष वाया जाते. म्हणून खुंटाच्या पोषणाकडे प्रथमपासून लक्ष द्यावे.

बी व माती

एक लिटर पाण्यात १७० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आठळ्या टाकाव्यात. तरंगतील त्या फेकून द्याव्यात; बुडालेल्या धुऊन मार्च-एप्रिलमध्ये लावाव्यात. आतील बियांस इजा न होता कवच हलकेच फोडल्यास उगवण लवकर होते. बोराचे सोटमूळ खोल जाते. यास्तव पिशवी उंच, निदान २५ सें.मी. असावी.

पिशवीसाठी दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू घ्यावी. शेणखताने माती भुसभुशीत राहते व ओल टिकते. ताजे शेण मात्र वापरू नये. त्याने वाळवी व हुमणी यांचा उपद्रव वाढतो.

वरखते

सोलापूरकडील काळ्या जमिनीत चुनखडी असते. तिच्याशी संयोग होऊन स्फुरद बांधले जाते व मुळांना मिळत नाही. शिवाय स्फुरद मातीत फारसे सरकत नाही. वरून टाकलेले वरच राहते. म्हणून सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळूनच मातीत घालावे. पंधरा लिटर मापाच्या घमेलेभर मिश्रणास १५ ग्रॅम पुरे.

नत्राचे याच्या उलट आहे. ते पाण्याबरोबर वाहून जाते, म्हणून थोडे थोडे द्यावे. बी लावताना युरिया मुळीच घालू नये. कोवळे अंकुर करपतात. रोप वीतभर झाल्यावर दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम युरिया विरघळवून दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिशवीस ५० मि.लि. द्यावे. एवढे द्रावण दोनशे पिशव्यांस पुरते. पिशवीत आधीपासून ओल असावी.

शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडली, तर तो बहुधा लोहाचा अभाव होय. तेथे युरिया वाढवून उपयोग नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सायंकाळी फवारावे.

अतिरेक टाळावा

गर्द हिरवा, उंच वाढलेला खुंट पाहून समाधान मानू नये. जादा नत्राने शेंडा लांबतो, पण खोड लुसलुशीत राहते आणि मुळांची वाढ मागे पडते. असे कलम शेतात लावल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकते. खोड पेन्सिलीएवढे जाड व साल सहज सुटणारी झाली, की खुंट तयार समजावा. जुलै-ऑगस्टमध्ये डोळा भरण्यापूर्वी दोन आठवडे युरिया बंद करावा. पाणी मात्र तोडू नये.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी गावात दोन ओळींची तुलना करून दाखवावी : एक केवळ युरियावर वाढविलेली, दुसरी शेणखत व मोजक्या वरखतावर. डोळा भरण्याच्या वेळी दोन्हींतील एकेक रोप उपटून मुळे शेजारी शेजारी ठेवावीत. शेतकऱ्यास स्वतःच फरक पाहता येईल.