ब्रोकोलीचा गड्डा बिघडला, पण नेमका कधी?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात तुमच्या घरामागे छोटीशी परसबाग आहे. आजूबाजूला धानाची शेतं. हौसेने तुम्ही ब्रोकोली लावली. झाडं जोमात वाढली, पण गड्डा आला तो उंचसखल: काही कळ्या टपोऱ्या, काही बारीकच राहिलेल्या. शेजारचे काका म्हणतात, "खत कमी पडलं." तुम्हाला पटलं का?

संशोधनाच्या वाटेला निघालात, तर आधी हे विचारा: बिघाड झाला कधी?

ब्रोकोली, कोबी, फुलकोबी, नवलकोल ही सगळी एकाच प्रजातीची, ब्रासिका ओलेरासियाची भावंडं. ब्रोकोलीचा गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गुच्छ. 1998 मध्ये ब्योर्कमन आणि पिअर्सन यांनी ब्रोकोलीच्या झाडांना आठवडाभर 35 अंश सेल्सिअस तापमानात ठेवलं. शेंड्यावर कळ्यांची घडण नुकतीच सुरू होत होती, त्या टप्प्यातल्या झाडांना ही उष्णता सर्वात जास्त नडली. काही कळ्यांची वाढ थबकली आणि गड्डा उंचसखल झाला. गंमत म्हणजे या टप्प्यात गड्डा डोळ्यांना दिसतही नाही!

म्हणजे कारण आधी घडतं, परिणाम उशिरा दिसतो. गड्डा कापायच्या दिवशी नुसती माती तपासून मागे येऊन गेलेली उष्णता सापडणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा: पेरणीची तारीख, पानांची संख्या, रोजचं कमाल-किमान तापमान.

आता प्रयोग करू. एकाच वाणाचं बी 1 सप्टेंबरला सहा कुंड्यांत आणि 1 ऑक्टोबरला सहा कुंड्यांत लावा. माती, खत, पाणी सारखंच. पहिल्या सहा भिंतीच्या सावलीत आणि दुसऱ्या सहा उन्हात ठेवल्या, तर फरक तारखेचा की सावलीचा, हे कधीच कळणार नाही. म्हणून बाराही जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा.

तरीही एक अडचण उरतेच. तारीख बदलली की तापमानासोबत दिवसाची लांबी आणि किडींचा जोरही बदलतो. शिवाय सहा कुंड्या म्हणजे सहा हिवाळे नव्हेत. हवामान एकाच वर्षाचं आहे. त्यामुळे "उष्णतेनेच गड्डा बिघडला" असं लिहू नका. "या वर्षी, या पेरणीत असं दिसलं" एवढंच लिहा. वाक्य लहान झालं, पण ते टिकेल.

शेतातल्या प्रयोगांचं हे शास्त्र शिकायचं असेल, तर पानसे आणि सुखात्मे यांचं 1954 सालचं, शेतीतल्या सांख्यिकी पद्धतींवरचं इंग्रजी पुस्तक ग्रंथालयात शोधा.

आणि आजच एक काम करा. तुमच्या विषयात परिणाम दिसण्याआधीच घडून जाणारं काय आहे, ते कागदावर लिहा. मोजायला सुरुवात तिथून करायची.