पुराला वाट देणारे घाट

नदीकाठी सार्वजनिक जागा आखताना पहिला प्रश्न हवा: पूर आला की तिचं काय होईल? वाईच्या कृष्णाघाटांचं उत्तर सरळ आहे. ती बुडेल, पाणी ओसरलं की गाळ काढून पुन्हा वापरता येईल. उन्हाळ्यात पाणी खालच्या पायरीशी, पावसाळ्यात वरच्या. काठाला टेकता मात्र कायम येतं. शिवाय पायऱ्यांच्या उतारामुळे पाणी चढेल तसं पात्र रुंदावतं. उभ्या भिंतींनी पात्र आवळलं, तर तेवढाच पूर वाहून न्यायला पातळी तरी वाढते किंवा वेग तरी.

घाटावरचं ढोल्या गणपतीचं मंदिर १७६२ सालचं. त्याची मागची भिंत मत्स्याकार, निमुळती आहे. तिच्यावर आदळणारा पूर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातो. काठावरची मूर्ती पूर मोजायलाही उपयोगी पडते: नाशिकच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात.

आजच्या आराखड्यांनाही हाच नियम लागू पडतो: पूररेषेच्या आत फक्त बुडून टिकणारा दगड आणि मुळांनी माती धरणारी झाडं; दुकानं, विजेच्या पेट्या, स्वच्छतागृहं तिच्या वर.