खिसा पाहून गाडी, गिऱ्हाईक पाहून जाहिरात

दसरा, पाडवा जवळ आला की वर्तमानपत्रे मोटारींच्या जाहिरातींनी भरून जातात. एका जाहिरातीत आईवडील, दोन मुले आणि आजी सहलीला निघालेली असतात. दुसरीत एकटा तरुण डोंगरवाटेने धुरळा उडवीत जातो. तिसरीत सूटबूटातला साहेब मागच्या सीटवर बसून कागद चाळतो. चाके तिन्ही गाड्यांना चारच. मग चित्रे वेगळी का? आपल्या वस्त्यांतही आता हप्त्याने गाडी घेणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. म्हणून या धंद्याची रीत समजून घेणे आम्हास गरजेचे वाटते.

सर्वांना एकच गाडी

ही रीत अमेरिकेत घडली. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली. सुरुवातीची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ साली त्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडणे सुरू झाले आणि किंमत उतरत गेली. १९२५ पर्यंत सर्वात साधी मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळ्या रंगात निघत असे. शेतकरी असो की डॉक्टर, गाडी तीच आणि रंगही तोच. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या.

पाच पायऱ्यांची शिडी

फोर्डला मात दिली जनरल मोटर्स कंपनीने. १९२३ साली आल्फ्रेड स्लोन तिचे अध्यक्ष झाले. प्रत्येक खिशासाठी आणि प्रत्येक कामासाठी वेगळी गाडी, असे धोरण त्यांनी १९२४ साली भागधारकांपुढे मांडले. खालच्या पायरीवर शेव्हरोले, मग ओकलंड, ओल्ड्समोबाईल, ब्युइक आणि सर्वात वर कॅडिलॅक. पगार वाढला की माणसाने एक पायरी वर चढावे, पण कंपनी बदलू नये, असा हा बेत होता.

याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळाली. कंपनीने १९१९ सालीच गाडीसाठी कर्ज देणारी स्वतःची संस्था काढली होती, त्यामुळे रोख पैसा नसलेलाही गिऱ्हाईक झाला. शिवाय दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली धडधाकट गाडीही जुनी वाटू लागते. १९२७ साली फोर्डना मॉडेल टी बंद करावी लागली. तेव्हापासून कंपन्या गाडीबरोबर माणसाची पायरीही विकत आल्या आहेत.

पैसा आहे, पण गाडी नाही

या शिडीच्या वरच्या पायरीवर मात्र एक पाटी न लिहिता लावलेली होती. कॅडिलॅक कृष्णवर्णीयांना विकायची नाही, असे कंपनीचे धोरण होते. व्यवस्थापनशास्त्राचे प्रसिद्ध लेखक पीटर ड्रकर यांनी आपल्या आठवणींत याची हकीकत दिली आहे. १९३० नंतरच्या मंदीत कॅडिलॅकचा खप पार कोसळला होता. निकोलस ड्रेस्टाट नावाचे जर्मनीतून आलेले अधिकारी गाड्यांच्या दुरुस्तीचे काम पाहत. दुरुस्तीसाठी कॅडिलॅक घेऊन येणाऱ्यांत कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे, गायक आणि डॉक्टर बरेच आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. दुकानदार गाडी देत नाही म्हणून हे लोक एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे देऊन त्याच्या नावाने गाडी घेत. आपण उघड विक्री करून हा पैसा कंपनीकडे का आणू नये, असे ड्रेस्टाट यांनी वरिष्ठांपुढे मांडले. ते मान्य झाले, खप वाढला आणि १९३४ साली ड्रेस्टाट कॅडिलॅकचे प्रमुख झाले.

हे वाचताना आपल्याला मसूर स्टेशन आठवल्याशिवाय राहत नाही. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला निघाले होते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली आणि गाडीवान बाजूने पायी चालला. अपमान सोसून वर जास्त पैसे मोजायचे, हा अनुभव समुद्रापलीकडेही सारखाच होता.

कंपनीने दार उघडले ते हृदयपरिवर्तन होऊन नव्हे, धंदा बुडत होता म्हणून. गाडी हाती आली तरी रस्त्यावरच्या हॉटेलात खोली मिळेलच असे नव्हते. त्यासाठी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ साली 'ग्रीन बुक' ही पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोठे जेवण, मुक्काम आणि पेट्रोल मिळेल याचे पत्ते तीत असत. पुढे १९५५ साली माँटगोमेरी शहरात बसवर बहिष्कार पडला, तेव्हा ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी कामावर जाणाऱ्या बांधवांची ने-आण केली. चर्चनीही त्यासाठी मोठ्या गाड्या घेतल्या. वर्षभर चाललेला तो लढा यशस्वी झाला. मोटार कंपनीच्या कोणत्याही जाहिरातीत नसलेला हा उपयोग लोकांनीच शोधून काढला.

बायकांसाठी गुलाबी

महिलांना काय हवे हेही कंपन्या परस्पर ठरवीत. १९५५ साली डॉज कंपनीने 'ला फाम' नावाची गुलाबी-पांढरी मोटार काढली. सोबत त्याच रंगाची पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट आणि छत्री. यंत्र मात्र इतर डॉज गाड्यांचेच. महिलांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि दोन वर्षांत ती बंद पडली.

'सर्वात स्वस्त' हा शिक्का

आपल्याकडे टाटांच्या नॅनोची कथा ताजी आहे. स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले पावसात जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत असत. २००८ साली दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि २००९ साली एक लाखाची गाडी म्हणून बाजारात उतरली. सिंगूरहून कारखाना साणंदला न्यावा लागल्याने उशीर झाला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्यांनीही नुकसान केले. वर्षाला अडीच लाख गाड्या काढू शकणाऱ्या कारखान्यातून कोणत्याही वर्षी पाऊण लाखसुद्धा विकल्या गेल्या नाहीत. 'सर्वात स्वस्त' हा शिक्का बसला हे दुर्दैवी ठरले, असे रतन टाटांनीच २०१३ साली बोलून दाखविले. २०१८ च्या सुमारास नॅनोचे उत्पादन थांबले.

यातला बोध कंपन्यांपेक्षा आपल्याला अधिक कळतो. कष्टाने पैसा जमवून घेतलेल्या वस्तूवर 'गरिबाची' असे लिहिलेले कोणाला आवडेल? कंपन्यांनी हे ओळखले आहे. म्हणून आता लहान गाडीही ऐटीची म्हणूनच दाखवितात. आणि मानाची भूक जेथे मोठी, तेथे फसगतही सोपी.

आपला हिशेब

दुकानदार गाडीची किंमत सांगण्याआधी 'महिना किती झेपेल?' असे विचारतो. या प्रश्नातच मेख आहे. समजा ४ लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने घेतले. पाच वर्षांची मुदत असेल तर हप्ता सुमारे ८,५०० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख १० हजार जाते. हप्ता जड वाटला तर मुदत सात वर्षांची करून देतात. हप्ता ६,६४० वर येतो, पण व्याज १ लाख ५८ हजारांच्या घरात जाते. म्हणजे हप्ता हलका करण्यासाठी जवळजवळ ४८ हजार रुपये जादा मोजावे लागतात. एवढ्या रकमेत मुलांच्या शिक्षणाचे कितीतरी काम होते!

शिवाय जाहिरातीतली किंमत बहुधा शोरूमची असते. नोंदणी, रस्ता कर आणि विमा वेगळा. पुढे पेट्रोल, दुरुस्ती आणि गाडी उभी करण्याची जागा.

गाडी घेऊच नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात न्यायचे असेल, धंद्याचा माल वाहायचा असेल किंवा टॅक्सी चालवून पोट भरायचे असेल, तर गाडी घरच घडविते. फक्त दुकानात जाण्याआधी घरातील सर्वांनी, महिलांनी आणि कमावत्या मुलामुलींनीही, एकत्र बसून कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: गाडी महिन्यातून किती दिवस लागेल, सर्व खर्च धरून महिना किती जाईल आणि एक पगार चुकला तर हप्ता कोठून भरणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही फॉर्मवर सही करू नये.