हयातीचे दाखले

माझे आजोबा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि स्थळप्रत ठेवल्यावाचून मूळ कागद हातावेगळा करावयाचा नाही हा नोकरीत अंगी मुरलेला शिरस्ता त्यांनी पेन्शनीतही मोडला नसल्यामुळे, त्यांच्या शिसवी पेटीत मला त्यांचे अकरा हयातीचे दाखले एकावर एक नीट रचलेले सापडले. १९५८ च्या श्रावणात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात, उजवा पाय आणि बहुतेक वाचा एका सकाळीत गेली. त्या वर्षीचा दाखला आजीने लिहिला, आणि तोंडातून धड शब्द न उमटणाऱ्या त्या माणसाने खूण करून दुसरा कागद मागितला व मुळाबरहुकूम त्यावरही डाव्या अंगठ्याचा ठसा उठविला. पुढल्या वर्षी अंगठ्याच्या जागी डाव्या हाताची, ओळ सोडून खाली घसरलेली सही आहे. चौथ्या दाखल्यावर ती ओळीवर आली आहे.

डॉक्टरांनी वर्षाची मुदत सांगितली होती, आणि त्यात त्यांचा काही अपराध नव्हता. मेंदूत रक्त साकळले आहे की रक्तवाहिनी फुटली आहे हे जिवंत माणसाच्या बाबतीत उघड दाखविणारे सी. टी. यंत्र लंडनमध्ये १९७१ साली प्रथम रुग्णावर चालले. रक्तदाब उतरविणाऱ्या सोसवतील अशा गोळ्या तेव्हा नुकत्या कोठे निघू लागल्या होत्या. सक्तीची विश्रांती याखेरीज सांगण्यासारखे वैद्यकापाशी फारसे काही नव्हते. आजीने मात्र दुसऱ्याच दिवशी हेरले की पाणी पाजले की त्यांना ठसका लागतो आणि दाट पेज दिली की लागत नाही. तेव्हापासून पाठीशी लोड देऊन, मान किंचित पुढे झुकवून, एक चमचा गिळला गेल्याची खात्री पटल्यावाचून ती दुसरा चमचा उचलीत नसे. रात्री दर दोन तासांनी उठून ती कूस बदली, आणि माकडहाडापाशी कातडी लाल झाली आहे काय हे कंदील खाली धरून पाही. अर्धांगवायूतून वाचलेली म्हातारी माणसे पुढे अनेकदा फुप्फुसात अन्नपाणी उतरून, शय्याव्रण चिघळून किंवा पायात रक्त गोठून दगावतात, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तिने जे केले त्याची रीतसर परीक्षा नॉर्वेतील ट्रोंडहाइम येथे १९८६-८७ मध्ये झाली. मेंदूच्या झटक्याचे २२० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून ११० नव्या स्वतंत्र कक्षात आणि ११० नेहमीच्या वॉर्डात ठेवले. रक्ताची गाठ विरघळविणारे औषध दोहोंकडेही नव्हते. नव्या कक्षात होत्या त्या शिकविलेल्या परिचारिका, व्यायाम करवून घेणारे तज्ज्ञ, ताप, साखर आणि पाणी यांवरची सततची नजर, आणि रुग्णाला लवकर अंथरुणाबाहेर काढण्याचा निर्धार. सहा आठवड्यांनी नव्या कक्षातले ६२ घरी पोचले होते, वॉर्डातले ३६. पण मला जो आकडा पुनःपुन्हा वाचावासा वाटतो तो १९९९ साली प्रसिद्ध झाला: दहा वर्षांनंतर नव्या कक्षातले २७ हयात होते, वॉर्डातले १४. आरंभीच्या काही आठवड्यांतील शुश्रूषेचे फळ दहा वर्षे पुरते, याहून नवलाची गोष्ट या शास्त्रात मला तरी ठाऊक नाही.

गाठ विरघळविणारे औषध १९९५ च्या अमेरिकी परीक्षेने सिद्ध झाले. तीन तासांच्या आत दिल्यास त्याने पंगुत्व घटले, मृत्यू मात्र निश्चितपणे घटल्याचे तीन महिन्यांअखेर दिसले नाही. युरोपातील परीक्षांनी तर ऐंशी ओलांडलेल्यांना दाराबाहेरच ठेवले होते. ३,०३५ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक त्या वयाचे असलेली मोठी परीक्षा प्रसिद्ध होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. कागदावरचे वय वाचताच उपचार लिहिणारी लेखणी अडखळते, हे मी अलीकडे एका आप्ताच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचा सल अजून गेलेला नाही.

उठवून बसविण्यालाही मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या २,१०४ रुग्णांच्या परीक्षेत २०१५ साली असे आढळले की पहिल्या चोवीस तासांतच वारंवार व दीर्घकाळ हालचाल करविलेल्यांची प्रकृती उलट मागे पडली. आजीने त्यांना बसविले ते थोडे थोडे, चेहऱ्याचा रंग पाहत. उंबरठा ओलांडविला तो कार्तिकात.

आजोबा एकोणसत्तर सालच्या आरंभी गेले. पेटीतील दहा दाखल्यांचा मजकूर आणि खालची तारीख आजीच्या टाकाच्या अक्षरात आहे, आजोबांचा असे तो केवळ अंगठा वा सही. अकराव्यावर मात्र मजकूर, तारीख, सही, सारेच डाव्या हाताचे आहे, आणि चार ओळींचा तो कागद लिहिताना शाई तीन ठिकाणी सांडली आहे. आजी त्या वैशाखात गेली होती.