काटा की हाड?

अंधेरीच्या आमच्या रात्रीच्या वर्गात एक गवंडी येत. वरळीला पाया खणताना मिळालेला एक मऊ, काळसर दगड त्यांनी एकदा कागदात गुंडाळून आणला. दगडात तांदळाच्या दाण्याहून जरा लांब असे काहीतरी रुतलेले होते. "गुरुजी, हे काय हो?" आम्ही भिंगातून पाहिले न पाहिले आणि सांगून टाकले, "समुद्रातल्या जुन्या प्राण्याचा काटा. समुद्र जवळच आहे ना!"

आमचे चुकले. पुढे भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना तो दगड दाखवला. ते हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. म्हणाले, "हे बेडकाच्या पायाचे हाड आहे."

कसे ओळखले? काट्याचे एक टोक जाड असते आणि दुसरे अणकुचीदार. पायाचे हाड दोन्ही टोकांना फुगलेले आणि मधे बारीक असते. कोंबडीची तंगडी आठवा, म्हणजे कळेल.

पण प्राध्यापकांनी हाडाआधी दगड पाहिला होता. आपल्या गिल्बर्ट टेकडीचा काळा दगड म्हणजे थिजलेला शिलारस. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास मुंबईच्या भागात जमिनीतून असा तापलेला रस पुन्हा पुन्हा बाहेर आला. दोन वेळांच्या मधे पुष्कळ काळ जाई. तेवढ्यात पाणी साचे, गाळ बसे, बेडूक नांदत. मग नवा रस वरून येई आणि गाळ खाली दाबला जाई. वरळीच्या टेकडीत असा थर आहे, जोगेश्वरीच्या आंबोली खाणीतही दिसला. वरळीच्या बेडकांचे वर्णन इंग्लंडातल्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली छापले. बेडूक खाऱ्या समुद्रात राहत नाही. तेव्हा त्या गाळात समुद्री काटा शोधणे म्हणजे विहिरीत पापलेट शोधणे!

समुद्रातल्या आदिम प्राण्यांचे खरे काटे सापडले ते डोंगरात. डेहराडूनजवळ मालदेवता येथे खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेट दगडाची खाण होती. तो दगड पन्नास कोटी वर्षांहून जुना. तेव्हा तिथे समुद्र होता, हिमालय नव्हताच. वाडिया संस्थेतील आझमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली त्या दगडातले बारीक जीवाश्म जाहीर केले. जीवाश्म म्हणजे दगडात टिकून राहिलेली जुन्या जिवाची खूण. त्यांचे वय आधी कमी धरले गेले होते. १९८३ साली आझमींनीच ते सुधारले. हे वाचून आमचा जीव जरा भांड्यात पडला.

असे काटे हातोडीने निघत नाहीत. दगडाचे तुकडे शिरक्यात असते तसल्या सौम्य आम्लात भिजत ठेवतात. दगडातला चुन्याचा अंश विरघळतो, काटे राहतात. मग गाळ धुऊन, बारीक चाळणीने चाळून तो सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचा. घरात बायका तांदूळ निवडतात तसाच, फक्त खडा टाकायचा नाही, ठेवायचा! काटा वाकडा आहे का, आतून पोकळ आहे का, बुडाशी रुंद आहे का, हे पाहतात. हे काटे अगदी बारीक असतात.

हे कोणाचे काटे? १९८२ साली पोलंडच्या शानियाव्स्की यांनी दाखवले की, अशा जुन्या काट्यांची ठेवण आजच्या बाणकृमीच्या काट्यांशी जुळते. बाणकृमी म्हणजे बाणासारखा सरळ, काचेसारखा पारदर्शक समुद्री किडा. तोंडाजवळच्या वाकड्या काट्यांनी तो भक्ष्य धरतो. तो आपल्या वेसाव्याच्या समुद्रातही तरंगत असतो.

प्राध्यापकांनी दगड परत दिला तेव्हा विचारले, "नेमका कुठला हा? किती खोल होता?" आम्हांला सांगता येईना. गवंड्यांनी पेन्सिल घेतली. ज्या कागदात दगड आणला होता, त्यावरच त्यांनी सावकाश लिहिले: वरळी, पाया, दोन पुरुष खोल.